चौकटीवरचा गणपती



जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजा ह्या बाजूच्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरासमोर उभे राहिले, म्हणजे दगडी जोते दिसते, पांढऱ्या मातीचा धाबा दिसतो, आणि ह्या दोहोंच्या मधोमध काळसर पडलेली सागवानी चौकट दिसते. त्या चौकटीची वरची आडवी पट्टी आपण नीट न्याहाळीत नाही. डोके आपटू नये म्हणून तिच्याखालून वाकून आत जातो, एवढाच तिचा आपला संबंध. पण त्या पट्टीच्या बरोबर मध्यावर, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, एक देव बसलेला असतो. बहुधा तो गणपती असतो, म्हणून पट्टीलाच गणेशपट्टी म्हणतात. देवमूर्ती पाहावयाची म्हणून आपण मुलांची सहल वेरूळला नेतो. तेही योग्यच आहे. परंतु ज्याच्या खालून घरातल्या चार-पाच पिढ्या आल्या-गेल्या, त्या देवाला हात किती, हातांत काय, तो कोणाला बरोबर घेऊन बसला आहे, हे विचारले तर घरधन्यालाही सांगता येत नाही. आज ह्या लाकडातल्या देवांविषयी बोलावयाचे आहे.

मूर्ती ओळखावयाची कशी, ह्याचे आपल्याकडे एक शास्त्र आहे. देव उभा आहे की बसलेला, हात किती, हातांत आयुधे कोणती, वाहन कोणते आणि शेजारी कोण, एवढे पाहिले की नाव ठरते. विष्णूची चोवीस नावे तर शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चारच आयुधे कोणत्या हातात कोणते आहे, एवढ्यावरून ठरतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ह्याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा मोठा ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडात कोणत्या देवाची मूर्ती कशी करावी, ह्याची जुन्या ग्रंथांतली वचने त्याने एकत्र करून ठेविली आहेत. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. तेव्हा हे शास्त्र काही दूरदेशीचे नव्हे, आपल्याच मुलखात बसून कोणी तरी त्याची वही नीट लावून ठेविली होती.

पण हे नियम मुख्यतः पूजेच्या मूर्तीचे. चौकटीवरच्या देवाची प्राणप्रतिष्ठा होत नाही. त्याला रोजचा नैवेद्य नाही. दसऱ्याला तोरण, सणावाराला हळदीकुंकवाचे बोट, एवढ्यावर तो संतुष्ट. त्यामुळे सुताराला थोडी मोकळीक मिळाली. आणि मोकळीक मिळाली तरी एक मालक त्याच्या डोक्यावर होताच. तो मालक म्हणजे लाकूड.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. दगडाला कोणत्याही बाजूने छिन्नी लावा, तो साधारण सारखाच तुटतो. लाकडाचे तसे नाही. लाकडाला रेषा असते, खोडाच्या लांबीने धावणारी. रेषेच्या दिशेने कोरलेला बारीक भाग टिकतो, रेषेला आडवा कोरलेला बारीक भाग कट्कन मोडतो. आता गणेशपट्टीचा विचार करा. पट्टी आडवी, म्हणून तिची रेषाही आडवी. तिच्यावर गणपतीच्या हातात उभा अंकुश कोरावयाचा, तोही पट्टीपासून सुटा, तर तो अंकुश दुसऱ्या पावसाळ्याला राहणार नाही. म्हणून सुतार काय करतो? अंकुश आणि पाश खांद्याला चिकटवितो, मागच्या लाकडातून सोडवीतच नाही. सोंड पोटावर टेकवितो. खालचे हात मांडीशी आवळून घेतो. गणपती रुंद, बैठा, मांडी घातलेला होतो. पट्टीवरचा देव जवळजवळ नेहमी बसलेलाच का, ह्याचे एक उत्तर शास्त्रात सापडेल, पण दुसरे उत्तर रेषेत आहे.

खांबावर किंवा चौकटीच्या उभ्या बाजूवर पाहा. तिथे रेषा उभी, जागा अरुंद. तिथे द्वारपाल उभे, चवरीधारिणी उभी, हात अंगालगत. तुळईला खालून आधार देणारे जे तिरके लाकूड असते, ज्याला हस्त म्हणतात, त्यावर भार मोठा आणि आकार वाकडा. तिथे देव क्वचितच बसेल. तिथे लांब मानेचा मोर, उलटा झेपावणारा पोपट, नाहीतर तोंड वासलेला व्याल. कारण ह्या प्राण्यांच्या अंगाला जो बाक आहे, तो लाकडाच्या रेषेबरोबर नेता येतो. म्हणजे देवाने कुठे बसावे, वाहनाने कुठे बसावे, हे थोडेसे झाडानेही ठरविलेले असते.

आता पट्टी वाचावयाची कशी ते पाहू. मधल्या गणपतीला बहुधा चार हात. वरच्या दोन हातांत पाश आणि अंकुश, खालच्या एकात मोदक, दुसऱ्यात मोडका दात किंवा आशीर्वादाची मुद्रा. उंदीर पायाशी, पुष्कळदा इतका लहान की तो नक्षीतला एखादा दाणाच वाटावा. दोन बाजूंना दोन बायका असतील तर त्या ऋद्धि-सिद्धी. एकच असेल आणि तिच्याजवळ मोर असेल, तर ती सरस्वती, आपल्या बोलीत शारदा. ग्रंथांतून सरस्वतीचे वाहन हंस म्हणून प्रसिद्ध आहे, पण मराठी मुलखातल्या ललितात, दशावतारात आणि बोहाड्यात शारदा मोरावर बसून येते. लाकडात तिच्याशेजारी मोर दिसला तर सुतार चुकला असे समजू नका. त्याने पोथीपेक्षा सोंग जास्त वेळा पाहिलेले आहे.

बोहाड्याचा उल्लेख निघालाच आहे, तर दोन शब्द त्याविषयी. जव्हार, मोखाडा, पेठ ह्या डोंगरी भागात उन्हाळ्यात देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचवितात. हे मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरीत, पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. मुखवट्याला हात नाहीत आणि हात नाहीत म्हणजे आयुधेही नाहीत. तेव्हा तिथे सगळी ओळख मुकुटात, डोळ्यांत, सुळ्यांत आणि रंगात आणावी लागते. गणपतीला सोंड आहे, नरसिंहाला आयाळ आहे, त्यांचे सोपे. राम आणि लक्ष्मण ह्यांना वेगळे करणे मात्र कारागिराच्या अकलेची परीक्षा असते.

पुन्हा चौकटीकडे येऊ. गणपतीच्या जागी कधी कमळात बसलेली देवी असते आणि दोन हत्ती तिच्यावर सोंडेने पाणी घालीत असतात. ती गजलक्ष्मी. हात जोडलेले दोन गडी समोरासमोर असतील, तर चोचीसारखे नाक आणि पंख असलेला गरुड आणि शेपटीवाला मारुती. रांगणारा बाळकृष्ण असेल तर त्याच्या हातात लोण्याचा गोळा शोधावा. जैनांच्या घरी त्याच जागेवर तीर्थंकर किंवा मंगल कलश दिसतो. मुसलमान घरमालकाच्या चौकटीवर त्याच जागी वेल किंवा फुले, बाकी चौकटीची घडण तीच. देवळांच्या दारावरही हीच जागा महत्त्वाची मानतात, तिला ललाटबिंब म्हणतात. ललाट म्हणजे कपाळ. घराचे कपाळ वाचले की घरातल्या माणसांची श्रद्धा कळते.

कोणी विचारील, इतकी जुनी कला असेल तर हजार वर्षांपूर्वीचे लाकडी देव कुठे आहेत? दगडाचे आहेत, तांब्या-पितळेचे आहेत. ह्याचे उत्तर सोपे आणि वाईट आहे. वाळवी, पाऊस आणि आग. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालच्या फेब्रुवारीत पेटला. आज तिथे आपण पाहतो ते तट, दरवाजे आणि जोती. वरचे सगळे दिवाणखाने, महाल आणि त्यांतले कोरीवकाम जळून गेले. पेशव्यांच्या सुतारांनी काय काय कोरले होते, ह्याचा अंदाज आता विश्रामबागवाड्यासारख्या उरलेल्या वास्तूंवरून करावयाचा.

वस्तू गेल्या, पण त्यांचे नियम ग्रंथांत राहिले. भागवतात मूर्तींचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत दगडाच्या मागोमाग लाकडाची मूर्ती येते. आणि सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणावयाला वनात कसे जावे, ह्यावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. तो वाचताना एखाद्या जाणत्या म्हाताऱ्या सुताराशी बोलत आहोत असे वाटते. स्मशानातले, रस्त्यावरचे, देवळाजवळचे, वारुळावरचे झाड घेऊ नये. ज्याला घड्याने पाणी घालून वाढविले ते झाड घेऊ नये. वीज पडलेले, हत्तीने मोडलेले, वेलींनी वेढलेले, मधमाश्यांची पोळी असलेले घेऊ नये. नद्यांच्या संगमावरचेही घेऊ नये, असेही त्याने लिहिले आहे. केळणा आणि पूर्णा ह्यांच्या संगमाजवळ वसलेल्या आमच्या जाफराबादला हा नियम तसा गैरसोयीचाच!

पुढचा भाग मला अधिक हृद्य वाटतो. झाड निवडल्यावर रात्री त्याची पूजा करावयाची आणि त्या झाडावर वस्ती करून असलेल्या सर्व भूतमात्रांना विनंती करावयाची, की हे झाड देवाच्या मूर्तीसाठी घेतो आहोत, तेव्हा आपण कृपा करून दुसरीकडे राहावयास जावे. सकाळी झाडाला पाणी घालून, कुऱ्हाडीला मध आणि तूप लावून ईशान्येच्या बाजूने पहिला घाव घालावयाचा. झाड पूर्वेला, उत्तरेला किंवा ईशान्येला पडले तर शुभ. आणि तोडण्यापूर्वी खोडावर खुणा करावयाच्या. वरची बाजू कोणती, खालची कोणती, पूर्वेची कोणती. कारण झाड जसे उभे होते तशीच मूर्ती उभी राहिली पाहिजे. आपल्याकडचे जुने सुतार खांब उभा करताना बुडखा खाली आणि शेंडा वर ह्याविषयी काटेकोर असत. त्यांनी वराहमिहिर वाचला नव्हता. बापाने सांगितले म्हणून ते करीत.

लाकडी देवाचा स्वभावच दगडी देवाहून निराळा. दगडी देव टिकतो, म्हणून तो जपावयाचा. लाकडी देव झिजतो, म्हणून तो पुन्हा घडवावयाचा. ओरिसात पुरीला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा ह्यांच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या आहेत. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा ठरावीक वर्षी त्या नव्या करतात आणि जुन्या मंदिराच्या आवारात पुरतात. १९७७, १९९६ आणि २०१५ साली हा विधी झाला. त्या मूर्तींना हातापायांचे पंजे नाहीत. कथा सांगतात, की विश्वकर्मा म्हाताऱ्या सुताराच्या रूपाने बंद दाराआड मूर्ती घडवीत होता. राजाने मुदतीआधी दार उघडले आणि काम अर्धवट राहिले. कथा बाजूला ठेवून पाहा. ओंडक्यातून घडलेला देव ओंडक्याइतकाच असतो, हे तिथे लपवून ठेविलेले नाही. पुरीचा देव जुना आहे तो लाकडाने नव्हे. तो घडविण्याची रीत खंडली नाही, म्हणून जुना आहे. ही रीत हातांत असते, आणि हात कोणाचे, हा पुढचा प्रश्न.

आपल्या मराठवाड्यात आणि वऱ्हाडात सुताराला वाढई असेही म्हणतात. हा शब्द संस्कृतातल्या ‘वर्धकी’वरून प्राकृतात ‘वढकी’ होऊन आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे २००० वर्षांपूर्वीचा एक छोटा कोरीव लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वढकीने, वेणुवासाच्या मुलाने, ह्या लेण्याचे मुख म्हणजे दरवाजा केला, असे त्यात लिहिले आहे. लेणे दगडाचे, पण दरवाजा करणारा आपले नाव सांगतो ते सुतार म्हणून! आणि त्याच चैत्यगृहाच्या छताला लाकडाच्या कमानी आजही आहेत, स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच आहे. लाकडाने इतके वर्षे तग धरल्याची आपल्याकडे ह्याहून मोठी साक्ष मला माहीत नाही. घराच्या मुखाचे काम वाढईकडे, हा रिवाज इतका जुना आहे.

वेरूळचे दहावे लेणे तुम्ही पाहिले असेल. त्याला लोक ‘सुतार झोपडी’ म्हणतात, विश्वकर्म्याचे लेणेही म्हणतात. तिथले छत दगडाचे आहे, पण त्यात लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. लाकडाची इतकी सवय डोळ्यांना झाली होती, की दगडात गरज नसतानाही वासे कोरले गेले. आत धर्म सांगणारी बुद्धमूर्ती बसलेली आहे. तिचे दोन्ही हात छातीजवळ एकत्र आणलेले. आसपासच्या सुतारांनी पुढच्या काळात ह्या मूर्तीला विश्वकर्मा मानून पूजिले आणि त्या हातांचा अर्थही आपल्या धंद्यातून लावला. काम करताना हत्यार लागले, म्हणून देव आपले दुखरे बोट धरून बसला आहे! मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. पण ज्याच्या बोटाला पटाशी लागलेली आहे, त्याला देवाच्या हातात दुसरे काय दिसणार?

शेजारच्याच कैलास लेण्याची कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आली आहे. राजा आजारी पडला, राणी माणिकावतीने नवस केला, की राजा बरा झाला तर शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचा कळस पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ पुरे होईपर्यंत राणी जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने डोंगरात वरून खाली खोदावयास सुरुवात केली, म्हणजे आधी कळसच तयार झाला. कैलास खरोखरच वरून खाली कोरलेला आहे, ह्याची आठवण कथेने बरोबर ठेविली. कोकस हे नाव त्याहून कितीतरी जुन्या ‘वसुदेवहिंडी’ ह्या जैन प्राकृत ग्रंथातही येते, आणि तिथला कोकस सुतार आहे, लाकडाची उडती यंत्रे करणारा. आपल्या मुलखातले सर्वांत मोठे दगडी देऊळ लोकांनी आपल्या कथेत सुतारांत गाजलेल्या ह्या नावावर जमा केले, हे ध्यानात घ्यावे.

जाफराबादच्या शेजारचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे आहेत. १९७३ साली तिथे जे उत्खनन झाले त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या धर्तीची मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली होती. म्हणजे बारीक कोरणीचे काम ह्या मातीत २००० वर्षांपूर्वीही चाललेले होते. हस्तिदंत कोरणारा आणि लाकूड कोरणारा ह्यांच्या हत्यारांत फारसे अंतर नसते.

आता आजचे बोलू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडच्या खेड्यांत सुमारे ८००० माणसे गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर धाब्याचा भार, ह्यांखाली लोक झोपेत दडपले. तेव्हापासून माळवदाच्या घराची धास्ती मराठवाडाभर बसली. ती खोटी म्हणता येत नाही. मात्र त्या भूकंपानंतर पाहणी करणाऱ्यांना काही घरांत असे दिसले, की भिंती कोसळल्या तरी आतले लाकडी खण, म्हणजे खांब, तुळया आणि हस्त, उभेच राहिले होते. दोष भिंतीचा, पण शिक्षा लाकडालाही झाली. माळवदे उतरवून स्लॅबची घरे झाली, होत आहेत. धाबा वर्षाला शेंदावा लागतो, गळतो, उंदीर-विंचू होतात. ज्याला त्या घरात राहावयाचे आहे त्याने स्लॅब घातला, तर त्याला नावे ठेवणे हे शहरात राहून लिहिणाऱ्यांना शोभत नाही.

परंतु घर उतरले म्हणजे लाकूड जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे जाते, आणि तिथे देवाचे आणि तुळईचे मोजमाप एकच. गणेशपट्टी तेवढी निराळी काढून शहरात शोभेसाठी विकतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर ती सुंदर दिसते. पण कोणत्या गावची, कोणत्या घराची, समोर पूर्व होती की उत्तर, शेजारच्या खांबांवर काय होते, हे सगळे त्याच दिवशी पुसले जाते. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, तसेच इमारतीपासून सुटी केलेली तेवढीच जुनी वस्तू पुराणवस्तू ठरते, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कायदा चांगला आहे. मात्र देशातल्या देशात चौकट फोडून फर्निचर केले, तर तो काय करील?

दुसरा शत्रू घरातच आहे, तो म्हणजे रंगाचा डबा. दिवाळी आली, की चौकटीला ऑइलपेंटचा हात मारावयाचा. दहा-बारा दिवाळ्यांत पाश, अंकुश, उंदीर सगळे बुजून जाते आणि गणपतीचा एक गुळगुळीत गोळा उरतो. पूर्वी चौकटीला तेल पाजीत. तेल नक्षी बुजवीत नाही, आणि सागाच्या अंगचे तेल व हे वरचे तेल मिळून वाळवीला दूर ठेवीत.

शाळांतील गुरुजनांना ह्यात एक काम करता येण्यासारखे आहे, आणि त्याला खर्च म्हणाल तर कागद आणि शिसपेन्सिल. सातवी-आठवीच्या मुलांनी आपापल्या गल्लीतल्या जुन्या चौकटी पाहाव्यात. पट्टीवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासली, की उठावाचा ठसा कागदावर उतरतो. रंगाखाली बुजलेला अंकुश डोळ्यांना दिसत नाही, तो पुष्कळदा असा ठशात सापडतो. ठशाखाली गावाचे नाव, घर, दाराची दिशा, पट्टीची लांबी-रुंदी आणि घरातली वडील माणसे सांगतील तेवढी माहिती लिहावी. घर कोणत्या वाढयाने बांधले, त्याचे घराणे गावात आहे काय, असल्यास त्यांच्याकडे कोरणी आणि वाकस उरले आहेत काय, हेही विचारावे. त्या घराण्यातला आजचा मुलगा प्लायवूडची कपाटे करीत असेल. त्याच्या आज्याने मोराची मान कोणत्या बाजूने धरली होती, हे त्यालाच विचारलेले बरे. तो सांगेल किंवा निदान दाखवील.

घर उतरवावयाचेच असेल, तर चौकट करवतीने कापू नये. जुन्या चौकटी कुसू आणि खाच बसवून खुंट्यांनी जुळविलेल्या असतात. खुंट्या ठोकून काढल्या, की पट्टी आणि दोन्ही बाजू अखंड सुट्या होतात आणि नव्या घराच्या दारावर पुन्हा तशाच बसतात. काहींनी स्लॅबच्या घराला अशी जुनी चौकट लाविली आहे आणि ती शोभतेही. काढताना पट्टीची पाठ अवश्य पाहावी. पुढे गणपती असतो. मागच्या बाजूला, जिथे रंग पोचलेला नसतो, तिथे पुष्कळदा सुताराने जुळवणीसाठी केलेल्या खुणा असतात. एक रेघ, दोन रेघा, एखादी फुली. वाकसाचे घावही तिथे जसेच्या तसे दिसतात, कारण पाठीवर रंधा मारावयाची त्याला गरज वाटलेली नसते.